नऊ अंकी संख्येचे अवयव पाडताना: क्रम, ताळे आणि हमखास होणाऱ्या चुका

४०,३७,१९,६२४ या संख्येला एकूण विभाजक किती, असं विचारलं की १४४ हे उत्तर यायची दाट शक्यता असते. बरोबर उत्तर २८८ आहे. उत्तर नेमकं निम्मं का येतं? शेवटी उरलेल्या १०,४०३ ला कशानेच भाग जात नाही असं वाटतं आणि तिला परस्पर मूळ संख्या ठरवलं जातं. विभाजकांची बेरीज, सहमूळ संख्यांची गणती, पूर्ण वर्ग आहे की नाही, दशांशात किती अंक पुन्हा पुन्हा येतात, हे सगळं मूळ अवयवांवरच अवलंबून असतं. अवयव चुकले की सूत्रं कितीही पाठ असोत, उपयोग शून्य.

म्हणून या लेखात सूत्रं थोडक्यात आहेत आणि अवयव पाडण्यावर जास्त जागा खर्च केली आहे. हीच संख्या शेवटपर्यंत घेऊ. वही घेऊन सोबत करा. नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

## तयारी: भागाकाराला हात लावण्याआधी

मूळ संख्यांची यादी समोर ठेवा. १०० पर्यंत २५ मूळ संख्या आहेत: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. त्यापुढच्या १०१, १०३, १०७, १०९, ११३ याही लिहून ठेवा. आठवणीतून यादी करताना ५१, ५७, ८७ आणि ९१ आत घुसतात. ५१ = ३×१७, ५७ = ३×१९, ८७ = ३×२९, ९१ = ७×१३. आणि १ ही मूळ संख्या नाही.

संख्या तीन प्रकारे लिहा.

- नेहमीच्या स्वल्पविरामांनी: ४०,३७,१९,६२४
- उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: ४०३ | ७१९ | ६२४
- उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट: ४ | ०३ | ७१ | ९६ | २४

हा उद्योग फुकटचा वाटेल, पण पुढे दोन कसोट्या या गटांवर चालतात. आपले स्वल्पविराम आधी तीन अंकांवर आणि मग दोन-दोन अंकांवर पडतात, त्यामुळे ते दोन्ही कसोट्यांना निरुपयोगी आहेत. स्वल्पविराम बघूनच गट धरले की उत्तर चुकलंच म्हणून समजा.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे भागाकार, उजवीकडे सापडलेला प्रत्येक अवयव, जितक्या वेळा सापडला तितक्या वेळा. उजवी बाजू नंतर लिहू म्हटलं की एखादा २ किंवा ७ गळतोच.

> सावधान: पडताळणी एक्सेलमध्ये करणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे संख्येचे पहिले १५ अंकच जपले जातात, सोळाव्यापासून पुढे शून्य बसतात. नऊ अंकांना धोका नाही, पण सोळा अंकी संख्या टाकलीत तर तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसाल. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, मात्र एका तिरप्या रेघेने भागलंत की उत्तर दशांशात जातं आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे त्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरा.

## टप्पा १: २, ३ आणि ५ संपवा

"संपवा" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एकदा भागून पुढे जायचं नाही. भाग जाईपर्यंत त्याच संख्येने भागत राहायचं.

४०,३७,१९,६२४ ÷ २ = २०,१८,५९,८१२
÷ २ = १०,०९,२९,९०६
÷ २ = ५,०४,६४,९५३

विषम आली, म्हणजे २ तीनदा. इथे एक सापळा आहे. सुरुवातीच्या संख्येचे शेवटचे तीन अंक ६२४, आणि ६२४ = १६×३९. ते बघून "१६ ने भाग जातो" असं लिहिणारे बरेच असतात. शेवटचे तीन अंक फक्त ८ पर्यंतची हमी देतात. १६ साठी शेवटचे चार अंक बघावे लागतात. ९६२४ ला १६ ने भागलं की बाकी ८ उरते. म्हणजे २³, २⁴ नाही.

आता ३. ५,०४,६४,९५३ च्या अंकांची बेरीज ३६.

÷ ३ = १,६८,२१,६५१ (अंकांची बेरीज ३०, अजून भाग जातो)
÷ ३ = ५६,०७,२१७ (अंकांची बेरीज २८, संपलं)

> सावधान: अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ साठीच आहे. बेरीज २७ आली म्हणून २७ ने भाग जात नाही. १८९९ ची बेरीज २७ आहे, पण १८९९ = ९×२११.

शेवटचा अंक ७, म्हणजे ५ चा प्रश्नच नाही. उजवीकडे आतापर्यंत: २, २, २, ३, ३.

## टप्पा २: ७, ११ आणि १३ एका दमात

७×११×१३ = १००१. त्यामुळे तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे केले, तर येणारी छोटी संख्या या तिघांसाठी सुरुवातीच्या संख्येसारखीच वागते.

६२४ − ७१९ + ४०३ = ३०८

३०८ = ७×४४, म्हणून ७ चा भाग जातो. ३०८ = ११×२८, म्हणून ११ चाही जातो. ३०८ ला १३ ने भागलं की बाकी ९, म्हणून १३ चा जात नाही. तीन मोठे भागाकार वाचले. ही ९ बाकी कोपऱ्यात लिहून ठेवा, टप्पा ४ मध्ये लागेल.

ही कसोटी "भाग जातो की नाही" एवढंच सांगते, किती वेळा जातो ते सांगत नाही. ३०८ मध्ये ७ एकदाच आहे. आपल्या संख्येत किती वेळा आहे ते भागूनच कळेल:

५६,०७,२१७ ÷ ७ = ८,०१,०३१
÷ ७ = १,१४,४३३
पुन्हा ७ ने भागलं तर बाकी ४.

म्हणजे ७ दोनदा. ३०८ बघून एकच ७ लिहिणारे इथे अडकतात. तसंच ३०८ ला ४ ने भाग जातो म्हणून सुरुवातीच्या संख्येलाही जातो, असं या कसोटीवरून म्हणता येत नाही. जातो हे खरं, पण त्याचा पुरावा वेगळा.

१,१४,४३३ ÷ ११ = १०,४०३
पुन्हा ११: ३ − ० + ४ − ० + १ = ८, भाग जात नाही.

उजवीकडे आता: २, २, २, ३, ३, ७, ७, ११. हातात उरली १०,४०३.

## टप्पा ३: उरलेला तुकडा

बहुतेकांचं गणित याच टप्प्यावर फसतं, म्हणून इथे घाई नको.

आधी हद्द ठरवा. एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतोच. पण वर्गमूळ कुणाचं? सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ २०,०९२ आणि २०,०९३ च्या मध्ये येतं. तो आकडा बघून हातपाय गाळू नका. प्रत्येक भागाकारानंतर उरलेल्या संख्येचं वर्गमूळ घ्यायचं. १०,४०३ साठी १०१² = १०,२०१ आणि १०२² = १०,४०४. म्हणजे वर्गमूळ १०२ च्या जेमतेम खाली आहे आणि १०१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या आहेत. १०१ सकट.

१३ पासून क्रमाने भागा. बाक्या अशा येतात: १३ → ३, १७ → १६, १९ → १०, २३ → ७, २९ → २१, ३१ → १८, ३७ → ६, ४१ → ३०, ४३ → ४०, ४७ → १६, ५३ → १५, ५९ → १९, ६१ → ३३, ६७ → १८, ७१ → ३७, ७३ → ३७, ७९ → ५४, ८३ → २८, ८९ → ७९, ९७ → २४.

शंभर संपले, यादीही संपली, आणि "झालं, मूळ संख्या" म्हणून पेन खाली ठेवलं जातं. ते एका पायरीने आधी ठेवलेलं असतं. १०१ ची कसोटी दोन-दोन अंकांच्या गटांवर चालते, तीही उजवीकडून आळीपाळीने:

१ | ०४ | ०३ → ३ − ४ + १ = ०

भाग जातो. १०,४०३ = १०१ × १०३. खरं तर तयारीत लिहिलेल्या दोन-दोनच्या गटांवर हीच कसोटी सुरुवातीलाच लावता आली असती: २४ − ९६ + ७१ − ३ + ४ = ०. १०१ आणि १०३ यांची वर्गमूळं ११ पेक्षा लहान. २, ३, ५, ७ ने भाग जात नाही, म्हणून दोन्ही मूळ.

वर्गांच्या वजाबाकीची वाट. उरलेल्या संख्येच्या लगेच वरचा वर्ग घ्या आणि त्यातून ती संख्या वजा करा. बाकी पूर्ण वर्ग असेल तर अवयव तयार. १०,४०४ − १०,४०३ = १ = १², म्हणून (१०२ − १)(१०२ + १). असंच ८६३३ चं: ९३² = ८६४९, वजाबाकी १६ = ४², म्हणून ८९ × ९७. वीस भागाकारांऐवजी एक वजाबाकी. मी तरी भागाकार सुरू करण्याआधी हा प्रयोग दोन-तीन वर्गांपर्यंत करून बघा असंच म्हणेन.

त्यापुढे मात्र रेटू नका. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ही वाट जवळची असते. १०,३९७ घ्या: ती ३७ × २८१ आहे. वर्गांच्या वाटेने १०२ पासून थेट १५९ पर्यंत चढावं लागेल. साध्या भागाकारात ३७ सातव्याच भागाकाराला सापडतो (१३ पासून मोजा).

> सावधान: "२ चा (संख्या उणे १) इतका घात घेतला, त्या संख्येने भागलं, बाकी १ आली, म्हणून ती मूळ" ही कसोटी हमी देत नाही. ३४१ या कसोटीतून सुटते आणि तरी ३४१ = ११×३१. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर फक्त संशय.

हाताने किती मोठी संख्या झेपते? बारा अंकी संख्या हट्टी निघाली तर १० लाखांपर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, आणि त्या ७८,४९८ आहेत. तिथे संगणकच बरा.

## टप्पा ४: ताळा, पण कोणता?

४०,३७,१९,६२४ = २³ × ३² × ७² × ११ × १०१ × १०३

पुढे जाण्याआधी ताळा बघायचाच. सवयीने आपण नवाचा ताळा घेतो, पण इथे तो कुचकामी आहे. यादीत ३² आहे, म्हणजे गुणाकार काहीही आला तरी त्याला ९ ने भाग जाणारच. १०३ च्या जागी १०७ लिहिलंत तरी नवाचा ताळा जुळेल. अकराच्या ताळ्याचंही तेच, कारण ११ स्वतःच अवयव आहे.

नियम सोपा आहे: जो अवयव नाही त्याचा ताळा घ्या. १३ आपल्याला भाग देत नाही, आणि सुरुवातीच्या संख्येची १३ ची बाकी ९ आहे हे टप्पा २ मध्ये लिहून ठेवलं आहे. आता अवयवांच्या बाक्या: ८ → ८, ९ → ९, ४९ → १०, ११ → ११, १०१ → १०, १०३ → १२. गुणत जा आणि दर वेळी १३ काढून टाका:

८×९ = ७२ → ७
७×१० = ७० → ५
५×११ = ५५ → ३
३×१० = ३० → ४
४×१२ = ४८ → ९

जुळलं. १०३ च्या जागी १०७ असता तर शेवटी १२ आले असते.

## टप्पा ५: विभाजक मोजा, मग बेरीज करा

संख्या. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: (३+१)(२+१)(२+१)(१+१)(१+१)(१+१) = ४×३×३×२×२×२ = २८८. घातांक न लिहिलेल्या अवयवांचा घातांक १ असतो, ० नाही. ताळा म्हणून विषम विभाजक वेगळे मोजा: २ ला बाजूला ठेवून ३×३×२×२×२ = ७२. सम विभाजक त्याच्या तिप्पट, २१६. बेरीज २८८.

१०,४०३ ला मूळ मानलं असतं तर इथे शेवटच्या दोन २ च्या जागी एकच २ आला असता आणि १४४ हे उत्तर पडलं असतं.

बेरीज. प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या शेवटच्या घातापर्यंत बेरीज करा, मग त्या बेरजा एकमेकींना गुणा.

(१+२+४+८) × (१+३+९) × (१+७+४९) × १२ × १०२ × १०४
= १५ × १३ × ५७ × १२ × १०२ × १०४
= १,४१,४८,९५,०४०

कंसात मधला घात गाळणं, म्हणजे १+४९ लिहिणं, ही इथली नेहमीची चूक. यातून स्वतः संख्या वजा केली की १,०१,११,७५,४१६ उरतात. ते सुरुवातीच्या संख्येपेक्षा जास्त आहेत, म्हणून ही विपुल संख्या. "संख्या सोडून उरलेले विभाजक" आणि "सगळे विभाजक" यांतलं नेमकं काय विचारलंय ते प्रश्नात दोनदा वाचा.

## टप्पा ६: सहमूळ संख्या किती

१ पासून आपल्या संख्येपर्यंत किती संख्यांचा तिच्याशी मसावि १ येतो? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातातून त्याच्याच एक पायरी खालचा घात वजा करा:

(८−४) × (९−३) × (४९−७) × १० × १०० × १०२
= ४ × ६ × ४२ × १० × १०० × १०२ = १०,२८,१६,०००

७² साठी ४२ येतात, ६×६ = ३६ नाहीत. इथेही १०,४०३ मूळ मानली असती तर १०० × १०२ = १०,२०० च्या जागी १०,४०२ बसले असते. चुकीचं उत्तर दिसायला इतकं जवळ येतं की कुणाला शंकाही येत नाही.

## टप्पा ७: वर्ग आणि दशांश

शेवटचा अंक ४, अंकांची बेरीज ९ च्या पटीत: वरवरच्या दोन्ही खुणा पूर्ण वर्गाला चालणाऱ्या. पण २ चा घातांक ३ म्हणजे विषम, तेव्हा पूर्ण वर्ग नाही. विषम घातांकांचे अवयव २, ११, १०१, १०३. त्यांचा गुणाकार २,२८,८६६. कमीत कमी एवढ्याने गुणलं तर पूर्ण वर्ग होईल. वर्गमूळाबाहेर ४२ येतात, कारण ४२² × २,२८,८६६ = ४०,३७,१९,६२४.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारे मूळ अवयव बघा: ३, ७, ११, १०३. त्यांतल्या ११ आणि १०३ यांचा घातांक विषम आहे, म्हणून नाही.

आता १ ला या संख्येने भागलं तर दशांशात काय होतं? २³ मुळे आधी तीन अंक न फिरणारे. फिरणाऱ्या भागासाठी प्रत्येक घाताचं चक्र (१ ला त्याने भागल्यावर किती अंक पुन्हा पुन्हा येतात ते) बघा: ९ चं १, ४९ चं ४२, ११ चं २, १०१ चं ४, १०३ चं ३४. यांची बेरीज किंवा गुणाकार नाही, लसावि घ्यायचा: १४२८ अंक. ७ चं चक्र ६ असतं म्हणून ४९ लाही ६ धरणं ही चूक फार होते. ३ आणि ९ या दोघांचंही चक्र १ असतं, तो अपवाद बघून कदाचित तसं वाटत असावं.

## टप्पा ८: अंकांवरचे गुणधर्म

हे शेवटी ठेवले, कारण ते संख्येचे कमी आणि दशमान लिखाणाचे जास्त आहेत. तीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर मूळ अवयव तेच राहतात, अंकांची बेरीज बदलते.

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी मांडलेली हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. आपली बेरीज ३६. नव्याने भागायची गरज नाही: २² आणि ३² दोन्ही यादीत आहेत, म्हणून ३६ चा भाग जातोच. भागाकार १,१२,१४,४३४.

स्वयंभू संख्या, जिला देवळाली संख्याही म्हणतात, ती तपासताना मात्र गोंधळ उडतो. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या येते का, ते शोधायचं. तशी संख्या मिळाली तर ती आपलीची जनक, आणि मग आपली संख्या स्वयंभू नाही. चूक अशी होते की आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज, ३६, वजा केली जाते, ४०,३७,१९,५८८ येते, तिची बेरीज ४५ निघते आणि "जनक नाही, म्हणजे स्वयंभू" असा निकाल लागतो. बेरीज जनकाच्या अंकांची हवी, आपल्या नव्हे. त्यामुळे सगळे पर्याय तपासावे लागतात. आपली संख्या ९ च्या पटीत असल्याने जनकही ९ च्या पटीतच असणार, तेव्हा ९, १८, २७ असं वजा करत जा:

- ९ वजा: …६१५, अंकांची बेरीज ३६
- १८ वजा: …६०६, बेरीज ३६
- २७ वजा: …५९७, बेरीज ४५
- ३६ वजा: …५८८, बेरीज ४५
- ४५ वजा: …५७९, बेरीज ४५

४०,३७,१९,५७९ + ४५ = ४०,३७,१९,६२४. जनक सापडला, म्हणून आपली संख्या स्वयंभू नाही. पुढे ५४, ६३ आणि ७२ वजा करून बघितलं तर अंकांची बेरीज दर वेळी ३६ च येते, तेव्हा हा एकुलता एक जनक.